चोर बाजारातला शंभर वॅटचा बल्ब

पुण्याहून पहाटेची गाडी, मग लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथून चालत मुंबईचा चोर बाजार. गुरुवार मुद्दाम निवडला, कारण शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात. खिशात आठ हजार. हवा होता 70च्या दशकातला जपानी स्टिरिओ रिसीव्हर. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, चंदेरी तोंड, दोन्ही अंगांना लाकूड. रत्नागिरीला मामाच्या शेजारी तसा होता. आखातात नोकरीला गेलेला माणूस सुट्टीवर आला की बरोबर असा सेट यायचा, आणि अर्धी वाडी बघायला जमायची.

पहिल्याच मोठ्या दुकानात डोकं फिरलं. सेट आरशासारखा चकचकीत, भाव चौदा हजार. 'लावून दाखवा' म्हटल्यावर दुकानदाराने पिन थेट बोर्डात खुपसायला घेतली. मागची पाटी मी वाचली म्हणून बरं, तिच्यावर फक्त 120 व्होल्ट लिहिलं होतं. अमेरिकेतला माल! आपल्या 230 व्होल्टवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला असता. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल का, असं विचारलं तर उत्तर आलं, 'कुछ नहीं होता.' पन्नास वर्षं टिकलेलं यंत्र एका क्षणात मारायला निघालेल्या माणसाशी मला पुढे बोलावंसंच वाटलं नाही.

पुढचे दोन तास असेच गेले. उन्हात घामाघूम, हातगाड्या अंगावर येतायत, आणि 'व्हिंटेज' हा शब्द ऐकला की भाव दुप्पट.

मग एका बोळात, पंख्यांच्या मोटारींच्या ढिगामागे, दुरुस्तीवाले चाचा भेटले. त्यांच्याकडे पायोनियर कंपनीचा एक रिसीव्हर होता, धुळीने माखलेला, डायलचा दिवा गेलेला. मी कौतुकाने बटणं फिरवायला लागलो तर त्यांनी हात धरला. 'बेटा, पहले पीछे देखो.' सेट उलटा केला. मागे व्होल्टेज बदलायचा खटका होता आणि तो 120 वर होता. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने तो 240 वर नेला, तरीही पिन सरळ लावली नाही. लाकडी फळीवर शंभर वॅटचा पिवळा बल्ब होता, त्याच्यातून करंट दिला. याला सिरीज बोर्ड म्हणतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि तसाच पेटलेला राहतो. सेट मात्र वाचतो.

बल्ब पेटला. माझा श्वास अडकला. मग हळूहळू त्याची तार लाल झाली आणि जवळजवळ विझलीच. चाचा माझ्याकडे बघून हसले.

त्यानंतर थेट वीज दिली. सात-आठ सेकंदांनी आतून रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज आला आणि स्पीकर बोलू लागला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होती, ती चाचांनी स्प्रे मारून पंधरा मिनिटांत घालवली. ट्यूनिंगच्या बटणामागे जड चाक असतं. एक झटका दिला की काटा आपोआप पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जातो. मी ते दहा वेळा केलं. चाचांनी एकदाही थांबवलं नाही. उलट 'आधा घंटा गरम होने दो, फिर लेना' म्हणून चहा मागवला. अर्ध्या तासाने त्यांनी पाठीमागे हात लावून बघितला, डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनेल आळीपाळीने ऐकवले, आणि डाव्या बाजूचा एक कपॅसिटर फुगलाय हे स्वतःहून सांगितलं. तो बदलून साडेसहा हजार. मी घासाघीस केली नाही. करायची नव्हतीच.

परतीला 5 वाजून 10 मिनिटांची डेक्कन क्वीन. सेट चादरीत गुंडाळून मांडीवर, कारण रॅकवर ठेवायला जीव होईना. कर्जतपर्यंत पाय बधिर झाले होते.

मग पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो. होल्डर, दोन पिना, एक सॉकेट, शंभर वॅटचा बल्ब. फळी घरचीच. सिरीज बोर्ड भिंतीवर ठोकलाय, पायोनियरच्या शेजारीच, आणि विविधभारती लागलंय.