गाठी दिसल्या, पण कोणाच्या?

गावात जीवशास्त्राचा मास्तर राहत असला की त्याच्या ओट्यावर काय काय येऊन पडेल, सांगता येत नाही. पूर्वी साप यायचे, अळ्या यायच्या. हल्ली मुळ्या येतात, मातीसकट, पन्नीत बांधून. "सर, वांगे वाढूनच नाही राहिले. खत देलं, फवारा मारला. पाहा ना जी काय झालं तं."

मुळ्या बादलीत धुतल्या की बहुतेक वेळा उत्तर समोर असतं. गाठीच गाठी. मातीतल्या सूत्रकृमींनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धाग्यासारख्या किड्यांनी, केलेल्या. असं झाड भर दुपारी मान टाकतं अन् सांजेला पुन्हा उभं राहतं, त्यामुळे शेतकरी पाणी वाढवत बसतो. उलटंही होतं. कोणी सोयाबीनच्या मुळ्या घेऊन घाबरून येतो. त्या गाठी नखानं खरवडल्या की सुटून येतात, फोडल्या तर आत गुलाबी निघतात. त्या पिकाला नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या, आपल्या कामाच्या. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच फुगलेलं असतं. आत पांढरी, फुगीर मादी एका जागी बसून खाते आणि चिकट पिशवीत तीनशे-पाचशे अंडी घालते. आपल्याकडच्या उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार. वांगं तर वावरात कितीतरी महिने उभं असतं.

इथपर्यंत सगळे ऐकतात. मग दुकानात जाऊन "गाठीचं औषध द्या" म्हणतात. माझा हट्ट असतो की आधी सूत्रकृमीची जात ओळखू. औषध महाग पडतं, पीक बदलणं स्वस्त. पण कशानं बदलायचं, ते जातीवर ठरतं.

१९४९ साली चिटवुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं या सूत्रकृमींच्या जाती वेगळ्या केल्या. त्याआधी सगळ्यांना एकच नाव होतं. आपल्याला ठाऊक असाव्यात अशा चार: इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनारिया, हापला. मादीच्या मागच्या टोकाची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बोटाच्या ठशासारख्या रेषा दिसतात. इन्कॉग्निटाची कमान उंच, चौकोनी. जावानिकाला दोन्ही बाजूंनी स्पष्ट रेघा. अरेनारियाची कमान बसकी. हापलाला शेपटीजवळ ठिपके, पण ती थंड मुलखातली. आमच्या वर्धा जिल्ह्याच्या उन्हात तिची शक्यता मी धरत नाही. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर हे जमतं, रोज जमत नाही. ब्लेड जरा सरकलं की मादी फुटते. शिवाय एकाच मुळात दोन जाती नांदत असल्या तर आणखीच गोंधळ.

म्हणून शेजारच्या काकांच्या वांग्यासाठी मी कुंड्या मांडल्या. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ठरलेली ही जुनी पद्धत: कापूस, तंबाखू, ढोबळी मिरची, टरबूज, भुईमूग, टमाटा ही सहा झाडं त्या सूत्रकृमीसमोर ठेवायची आणि कोणाला गाठी येतात ते पाहायचं. मूळ चाचणीतले वाण ठरलेले आहेत. मी आपलं गावातलं बियाणं आणि साधी मिरची वापरली, म्हणून याला अंदाजच म्हणतो. तंबाखूची कुंडी गाळली. खर्र्याच्या मुलखात घरच्या अंगणात तंबाखू लावायला बायकोची परवानगी मिळाली नाही.

झाडं मोठी झाल्यावर उपटली. टमाटा, टरबूज, मिरची तिन्हींना गाठी. भुईमूग स्वच्छ, पऱ्हाटीही, म्हणजे कापूसही, स्वच्छ. म्हणजे इन्कॉग्निटा, आणि तिच्या चार रेसपैकी, म्हणजे पोटजातींपैकी, पहिली किंवा दुसरी. या दोघींतला फरक तंबाखूनंच कळला असता, पण काकांना त्याची गरज नव्हती. पऱ्हाटीला गाठी आल्या असत्या तर मात्र तिसरी किंवा चौथी रेस. मग वांग्यानंतर कापूस म्हणजे त्यांना आयतं जेवण. अरेनारियाची पहिली रेस निघाली असती तर भुईमूगही बाद.

काकांच्या मनात वांग्यामागून मिरची होती. भेंडी, काकडी, कारलं, हळद यांतलं काहीही चाललं नसतं. त्यांची ती पट्टी नदीकाठची, रेताड. काळ्या भारी जमिनीपेक्षा अशा मातीत सूत्रकृमी जास्त माजते. मी सांगितलं, वांग्याची खुंटं मुळांसकट उपटून जाळा, मे महिन्यात खोल नांगरून वावर उन्हात तापू द्या, निंबोळी पेंड टाका, मग भुईमूग घ्या. जमलं तर एक हंगाम झेंडू. त्याच्या मुळांतलं रसायन सूत्रकृमीला मारतं आणि फुलं दसऱ्याला विकली जातात.

काकांनी अर्ध्या पट्टीत भुईमूग कबूल केला. उरलेल्या अर्ध्यात मिरचीच, कारण रोपांची इसार देऊन झाली होती. ट्रेमधली चार रोपं उपटून, धुऊन पाहिली. मुळं साफ होती. जाणार मात्र त्याच मातीत.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. टमाट्याच्या बियाण्याच्या पाकिटावर 'एन' लिहिलंय, म्हणजे सूत्रकृमी लागत नाही ना? लागत नाही, पण तो गुण जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढेपाळतो. "मंग उन्हाळी टमाटा लावू का नको, सर?" थंडीत लाव म्हटलं. उन्हाळ्यात त्या 'एन'चे पैसे कशाला देतोस?