पाच ताटल्या

आमच्या बालवर्गात दप्तराच्या प्रत्येक खुंटीवर मुलाच्या नावाशेजारी एक चित्र चिकटवलेलं असतं. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना नाव वाचता येत नाही, पण आपलं चित्र ती दोन दिवसांत ओळखतात, आणि महिनाभरात एकमेकांचीही. इथे मुलांची खरी नावं लिहायची नाहीत, म्हणून मी त्यांना चित्रांच्याच नावांनी हाक मारते. ज्याच्याविषयी सांगायचं आहे, त्याच्या खुंटीवर कासव होतं.

कासव आला तेव्हा पावणेचार वर्षांचा होता. त्याला सोडायला आणि न्यायला रोज आजोबा यायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दारात थांबवलं. “बाई, याला शंभरपर्यंत पाठ आहे. म्हण रे.” कासवाने हात मागे बांधले, नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि सुरुवात केली. एकदाही अडखळला नाही. मराठीतले आकडे लहान मुलाला किती अवघड असतात ते आम्हाला रोज दिसतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. पुढे येणाऱ्या तिसाचं नाव आधीच माहीत असावं लागतं. त्रेपन्न, पंचावन्न, एकोणसाठ, कोणताच शब्द मागच्यावरून बेतता येत नाही, प्रत्येक वेगळा लक्षात ठेवायचा. पावणेचार वर्षांच्या मुलाने हे सगळं न चुकता म्हणायचं, त्यामागे आजोबांची आणि नातवाची कितीतरी संध्याकाळींची मेहनत असणार. मी मनापासून शाबासकी दिली आणि त्याच दुपारी नोंदवहीत लिहिलं, “अंकज्ञान : उत्तम.”

ती नोंद तीन महिने तशीच राहिली. दर सोमवारी सकाळी गोलात बसल्यावर मी त्याला आकडे म्हणायला लावायचे आणि मुलं टाळ्या वाजवायची. एक गोष्ट तेव्हाही डोळ्यांसमोर होती. मध्येच कुणी शिंकलं, दार वाजलं, की त्याची साखळी तुटायची आणि तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. चोवीसवर थांबलेला मुलगा पंचवीसपासून पुढे जाऊ शकत नव्हता. मी ते पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

त्या दिवशी वर्गात एकवीस मुलं होती. सकाळ नेहमीसारखीच गेली. एकाचं रडणं आई दिसेनाशी झाल्यावर थांबलं, रंगांचं पाणी दोनदा सांडलं. मग खाऊची वेळ झाली. आमच्याकडे मुलं टेबलाभोवती सहा-सहाच्या गटाने बसतात आणि गटातलं एक मूल पाळीपाळीने सगळ्यांसाठी ताटल्या मांडतं. त्या दिवशी पाळी कासवाची होती. त्याच्या टेबलावरचं जहाज गैरहजर, म्हणजे मुलं पाच.

“कासवा, आज तुमच्या टेबलाला पाच ताटल्या लागतील. पाच आण हं.”

तो फळीपाशी गेला आणि छातीशी धरून मावतील तेवढ्या ताटल्या घेऊन आला. आठ होत्या.

“किती आणल्यास?”

त्याने त्या टेबलावर पसरल्या आणि एकेकीवर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, असं आठपर्यंत. एकही सुटली नाही, एकही दोनदा मोजली नाही.

“मग किती आहेत?”

त्याने पुन्हा एकपासून मोजलं.

“हो, पण झाल्या किती?”

तिसऱ्यांदा मोजताना त्याचा आवाज बारीक झाला होता आणि प्रत्येक आकड्यानंतर तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

आता लिहिताना मला स्पष्ट दिसतं की त्याच्या लेखी ‘किती’ हा शब्द म्हणजे मोजायला लागण्याची खूण होती. मी ‘किती’ म्हटलं की त्याने मोजायचं. शेवटी तोंडातून निघालेला ‘आठ’ हा त्या सगळ्या ढिगाचा आकडा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो आठवी ताटली मोजताना म्हणायचा शब्द होता, इतकंच. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजण्यामागचे नियम वेगवेगळे करून मांडले. प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा शब्द सगळ्या गटाची संख्या सांगणारा. यातले पहिले दोन नियम कासवाकडे पक्के होते आणि तिसरा अजून यायचा होता. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण एकवीस भुकेली मुलं टेबलावर हात आपटत असताना त्यातलं काहीच आठवलं नाही, आणि मी जे बोलले ते असं :

“अरे, शंभरपर्यंत येतं ना तुला? मग साध्या पाच ताटल्या आणता येत नाहीत?”

दोन-तीन मुलं हसली. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माझा आवाज चढला की ती हसतात. कासवाने हातातली ताटली आवाज होणार नाही अशी अलगद खाली ठेवली आणि टेबलाखाली जाऊन बसला.

आमच्या मदतनीस मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. बाकीच्या टेबलांवर खाऊ वाढायला निघून गेल्या. एखादा शब्द बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

टेबलाखालच्या मुलाला ओढून बाहेर काढता येत नाही. हात धरून काढलं तर तो बाहेर येतो, पण पुढचे आठ दिवस आपल्यापासून लांब राहतो. मी जमिनीवर बसले. “मी मोठ्याने बोलले. माझं चुकलं,” एवढं म्हटलं आणि गप्प राहिले. त्याने गुडघ्यात तोंड घातलं होतं.

तेवढ्यात छत्री उठली. तिला भूक लागली होती. तिने ढिगातल्या ताटल्या उचलून मांडायला सुरुवात केली, तीही एकही आकडा न उच्चारता. “ही माशाची. ही फुग्याची. ही चिमणीची. ही माझी.” आणि जागेवर बसली.

टेबलाखालून आवाज आला, “मला पण.”

“तू खाली आहेस,” छत्री म्हणाली.

कासव बाहेर आला. त्याने टेबलावरून एकदा नजर फिरवली, उरलेल्यांतली एक ताटली उचलून आपल्या खुर्चीसमोर ठेवली. मग अजून एक घेतली आणि सहाव्या, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली. तिच्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. “जहाज नाही आलं आज,” असं स्वतःशीच म्हणून त्याने ती परत उचलली आणि शिल्लक तिन्ही ताटल्या फळीवर नेऊन ठेवल्या.

टेबलावर बरोबर पाच ताटल्या होत्या. ‘पाच’ हा शब्द ना त्याने उच्चारला होता, ना छत्रीने.

मी तिथेच बसून राहिले. जे मी त्याच्याकडे शब्दाने मागत होते, ते त्याने माणसांच्या आधाराने करून दाखवलं होतं. प्रत्येक माणसाला एक ताटली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि जो आलाच नाही त्याची परत. मोजणी ज्या पायावर उभी राहते, तो पाया हाच. दर सोमवारी टाळ्या वाजवताना मी हे त्याच्यात कधी शोधलंच नव्हतं.

खाऊनंतर मुलं आपापल्या कोपऱ्यात खेळायला पांगली, तेव्हा मी मोठ्या मण्यांची परडी आणि हातात घालायचा ससा घेऊन कासवाशेजारी बसले. सशाला मणी खायला द्यायचे, असा खेळ.

“एक दे.” त्याने एक दिला.

“दोन दे.” दोन्ही हातांनी एकेक उचलून एकदम ठेवले. मोजले नाहीत, त्याला गरजच नव्हती.

“तीन दे.” त्याने मूठ भरली. सहा निघाले.

“चार दे.” पुन्हा मूठ, या वेळी पाच. परत दोन मागितले तर नेमके दोन. परत तीन मागितले तर मूठ.

साधारण असाच खेळ करेन विन या संशोधिकेने मुलांशी खेळून 1990 मध्ये त्याबद्दल लिहिलं. ठरावीक संख्येने वस्तू मागितल्या की काही मुलं मोजून देतात, काही नुसती मूठ भरतात, आणि मूठ भरणाऱ्यांनाही दहापर्यंत आकडे छान म्हणता येत असतात. आधी फक्त ‘एक’ कळतो. काही महिन्यांनी ‘दोन’, पुन्हा काही महिन्यांनी ‘तीन’. त्यानंतर, बहुतेकांच्या बाबतीत चौथ्या वर्षाच्या आसपास, मोजणं कशासाठी असतं ते उमगतं आणि मग पाच, सहा, सात एकामागून एक वेगळे शिकावे लागत नाहीत. म्हणजे कासव मुळीच मागे नव्हता. त्याच्या वयाचं मूल जिथे असतं तिथेच तो होता. माझी नोंदवही मात्र त्याच्या फार पुढे निघून गेली होती, आणि त्या ‘उत्तम’मुळे तीन महिने मी त्याला ‘तीन’ शिकण्याची एकही संधी दिली नव्हती. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, “एक, दोन पक्के. तीन अजून नाही. माणूस आणि वस्तू यांच्या जोड्या स्वतःहून लावतो. चूक स्वतः दुरुस्त करतो.”

खरं अवघड काम पुढे होतं. शाळा सुटल्यावर मी आजोबांना आत बोलावलं. लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठ्या माणसाला बसायला सांगताना मला नेहमी संकोच वाटतो, त्या दिवशी जरा जास्तच वाटला. सकाळचं माझं बोलणं आधी सांगितलं. मग मण्यांचा खेळ सांगितला.

“दोन?” ते म्हणाले. “बाई, शंभर म्हणतो तो.”

“म्हणतो, आणि सुंदर म्हणतो. पण ते गाण्यासारखं पाठ आहे. त्या शब्दांत वस्तू अजून भरायच्या आहेत.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. कासव दाराशी बसून बूट घालत होता. मग त्यांनी सांगितलं की त्यांची सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली. आकडा जुळला नाही तर रात्री झोप लागायची नाही. नातवाला द्यायला आपल्याकडे हेच आहे असं वाटलं, म्हणून रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायचे.

“म्हणजे मी शिकवलं ते फुकट गेलं?”

या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यायचं होतं. नुसतं “नाही हो, तसं काही नाही” म्हणून त्यांना वाटेला लावायचं नव्हतं. मी म्हटलं, “शब्द क्रमाने तोंडात बसल्याशिवाय कुणालाच मोजता येत नाही. ते काम तुम्ही केलं आहे आणि पक्कं केलं आहे. आता फक्त त्याला म्हणून दाखवायला लावू नका. आणून द्यायला लावा. घरात तिघं जेवायला बसलात तर तीन पेले आणायला सांगा. जास्त आणले तर चुकलं म्हणू नका. एकेकासमोर ठेवू द्या, उरलेले त्याला दिसतील.”

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात कासवाला “म्हण रे” म्हणाले नाहीत, एवढं खरं.

वर्गातही मी काही गोष्टी बदलल्या. सोमवारचं आकडे म्हणणं बंद केलं. वरच्या फळीवरच्या संख्येच्या दांड्या खाली काढल्या. मारिया माँटेसरींच्या साधनांतल्या या दहा दांड्या असतात, सर्वांत लहान 10 सेंटिमीटरची आणि सर्वांत मोठी 1 मीटरची, तांबड्या-निळ्या पट्ट्यांच्या. तीनची दांडी दोनच्या दांडीपेक्षा हाताला लांब लागते आणि उचलताना जड लागते, म्हणून मूल ‘तीन’ आधी अंगाने शिकतं. त्यानंतर खणांची पेटी येते. शून्य ते नऊ असे दहा खण आणि सुट्या 45 काठ्या. प्रत्येक खणात त्या आकड्याइतक्या काठ्या एकत्र बांधून ठेवायच्या. शून्याचा खण रिकामा राहतो. कुठे चुकलं तर शेवटी काठ्या कमी पडतात किंवा उरतात आणि मुलाला कुणी न सांगता कळतं. जहाजाची परत उचललेली ताटली मला या पेटीत पुन्हा पुन्हा दिसायची.

कासव दांड्यांपाशी रमला, पेटीकडे फिरकला नाही. मी बोलावलं नाही. मधूनमधून ससा तीन मणी मागायचा आणि कासव मूठ भरायचा. असे सात-आठ आठवडे गेले.

मग एका सकाळी तो आपणहून पेटी घेऊन बसला. एकच्या खणात एक काठी टाकली, दोनच्या खणात दोन. तीनसाठी एक घेतली, दोन घेतल्या, तिसरी घेतली आणि त्याचा हात पेटीवर तसाच थांबला. त्याने त्या तीन काठ्यांना रबर लावलं. मुठीत धरून दाबून पाहिल्या, सोडल्या, पुन्हा दाबल्या. चारच्या खणाकडे तो वळलाच नाही. शाळा सुटेपर्यंत ती जुडी त्याच्या मुठीत होती आणि मी ती मागितली नाही.

आजोबा दारात आले. कासव पळत गेला आणि त्यांच्या तळहातावर जुडी ठेवली. आजोबांनी चष्मा नाकावर घेतला आणि सवयीने काठ्यांवर बोट टेकवलं.

“मोजू नका आजोबा,” कासव म्हणाला. “तीन आहेत.”