दोन सुतांचा फरक

जानेवारीत सोलापूरला आले तेव्हा बॅगेत तपकिरी कागदाची एक गुंडाळी होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हॉलमध्ये फरशीवर उलगडली, कागद परत वळू नये म्हणून एका टोकाला शेंगाचटणीचा डबा आणि दुसऱ्या टोकाला खलबत्ता ठेवला, आणि बराच वेळ नुसते बघत बसले. कागदावर माझा सर्फबोर्ड होता, समुद्राच्या लाटांवर उभं राहायची फळी, सहा फूट चार इंचांचा, पेन्सिलीनं जसाच्या तसा गिरवलेला. शेपटीकडे तीन छोट्या रेघा. ती त्याची फिन.

"मध्य कुठाय?" अण्णांनी विचारलं.

मध्याची रेघ मी गिरवलीच नव्हती. आणि माझा बोर्ड वर्षभर उजवीकडे का ओढत होता, याचं उत्तर त्या एका प्रश्नात होतं.

ज्यांनी या आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या गोल्ड कोस्टला राहते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढले, पोहायलाही इथे येऊन शिकले, आणि आता सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत तिथल्या करंबिन किनाऱ्याच्या पाण्यात असते. इथे बरेच जण आपला बोर्ड आपणच बनवतात. मलाही ते करून बघायचं होतं. फोमचा तयार ठोकळा आणला, ज्याच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची एक पातळ पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. हातकरवतीनं आकार कापला, रंधा मारला, घासला, वर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन चढवलं. हे सगळं बऱ्यापैकी जमलं. फसलं ते शेवटच्या टप्प्यावर, फिन बसवताना.

फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाला, शेपटीजवळ उभे असलेले पर. पूर्वी ते नव्हतेच. लाकडी फळ्यांवरून लाटा घेणारे लोक वळायचं असलं की पाय पाण्यात टाकून ओढायचे. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या माणसानं हवाईत आपल्या बोर्डाच्या तळाला एका जुन्या स्पीडबोटीचा कणा लावून बघितला, आणि शेपटी घसरायची थांबली. नंतर बरीच वर्षं एकच फिन असे. मग दोन फिनांचे बोर्ड आले आणि मार्क रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन सर्फरनं त्यांच्या जोरावर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं जगज्जेतेपद मिळवलं. पण त्याच्याच देशाचा दुसरा सर्फर, सायमन अँडरसन, अंगानं मोठा माणूस, मोठ्या लाटेत दोन फिनांचा बोर्ड त्याच्या पायाखालून सटकायचा. त्यानं १९८० मध्ये मागे मधोमध तिसरं फिन लावलं, आणि १९८१ च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत त्याच बोर्डावर स्पर्धा जिंकली. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रिक्षासारखं." बरोबरच आहे, फक्त इथे एकटं चाक मागे असतं.

आज जगातले बहुतेक छोटे बोर्ड असेच तीन फिनांचे असतात. माझाही तसाच. मागच्या फिनाची मागची कड शेपटीच्या टोकापासून साडेतीन इंचांवर, पुढच्या दोन्हींची साडेअकरा इंचांवर. पुढची जोडी काठापासून सव्वा इंच आत. ही जोडी सरळ नसते, तिची पुढची टोकं थोडी आत, बोर्डाच्या नाकाकडे वळलेली असतात. किती? साडेचार इंच लांबीच्या बुडाला पाव इंच. म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. आणि ही दोन्ही फिन उभीसुद्धा सरळ नसतात, सहा अंशांच्या आसपास बाहेर कललेली असतात. मागचं मात्र अगदी ताठ.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. जोडी पुढे सरकवली तर बोर्ड चटकन वळतो पण वेगात हाताबाहेर जातो. मागे नेली तर तो धरून चालतो, पण वळायला हट्टी होतो. टोकं जास्त आत घेतली की वळणं सोपी होतात आणि सरळ वेग कमी होतो, कारण पाणी फिनाला तिरकं भिडतं. कितीही फिरवा, एक गोष्ट मात्र सुटत नाही: डावं आणि उजवं सारखंच हवं. दोघं सारखं ढकलत असतील तर एकमेकांना तोलून धरतात. एकानं जास्त ढकललं की बोर्ड त्याच्या मर्जीनं चालतो.

माझं उजवं फिन दोन नाही, चार सूत आत होतं. गोल्ड कोस्टच्या लाटा बहुतेक उजवीकडे पळतात, म्हणजे लाटेची भिंत तुमच्या उजव्या हाताला. त्या बाजूला ओढणारा बोर्ड सतत भिंतीवर चढायला बघतो. वर्षभर मी तो मागच्या पायानं दाबून खाली आणत राहिले. गुडघा दुखायचा. मला वाटायचं, माझं उभं राहणं चुकतंय.

आता अण्णांबद्दल. अण्णा एकतीस वर्षं जॉबर होते, आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात. माग बिघडला की विणकर त्यांना हाक मारायचा. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, पेटीतून सुटतो आणि ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीत जाऊन थांबतो, मिनिटाला शंभरावर वेळा. पेटी सूतभर तिरकी बसली की धोटा मार्ग सोडतो, कधी उडून कुणाच्या अंगावर जातो. अशा उडालेल्या धोट्यानं डोळा गेलेला माणूस आमच्याच गल्लीत होता. त्यामुळे सरळ आणि तिरकं या गोष्टींकडे अण्णा सहज म्हणून बघूच शकत नाहीत.

"मोजायलीस कुठून?" त्यांनी विचारलं.

"काठापासून. सगळीकडं तसंच लिहिलेलं असतं, अण्णा. काठापासून सव्वा इंच."

"अन् काठ कापला कुणी?"

"मीच."

"करवतीनं?"

"हो."

त्यांनी कागद मधोमध घडी घालून खिडकीच्या उजेडात धरला. दोन काठ एकमेकांवर बसायला हवे होते. शेपटीजवळ ते सुटले होते, जेमतेम दोन सूत. कापताना माझा हात तिथे कलला होता, आणि त्या कललेल्या काठावरून मोजत मी तीच चूक फिनात उतरवली होती. त्यांनी मला बोल लावला नाही. घडीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही तुझी मध्यरेघ. आता काठ विसर."

मग गुण्या आला. शेपटीपासून साडेअकरा इंचांवर मध्यरेघेला काटकोनात आडवी रेघ. तिच्यावर मध्यापासून दोन्हीकडे पावणेसहा इंचांवर एकेक ठिपका. तिथून साडेचार इंच पुढे गेल्यावर दुसरे दोन ठिपके, मध्याच्या दिशेनं दोन सूत आत. चार ठिपके झाल्यावर अण्णांनी नाकाच्या टोकाला बोटानं सुतळी दाबली, डाव्या ठिपक्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि तीच गाठ उजवीकडे नेली. गाठ ठिपक्यावर बसली. पुढच्या ठिपक्यांनाही तसंच केलं. आई दोनदा जेवायला बोलावून गेली होती, तिसऱ्यांदा आली आणि कागदाला वळसा घालून उभी राहिली.

पुढची फिन बाहेर कलती ठेवायची, हे मी त्यांना घाबरत घाबरत सांगितलं. सहा अंश, म्हणजे नव्वद नाही, चौऱ्याऐंशी. मला वाटलं होतं, सरळपणावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटायचं नाही. ते उठून आत गेले आणि कपाटातून पत्र्याची एक जुनी तिरकी पट्टी घेऊन आले. धोटा ज्या पट्टीवरून धावतो ती आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली फणी, यांच्यातला कोनही नव्वद नसतो, शहाऐंशी-सत्त्याऐंशी असतो, म्हणजे धोटा फणीला चिकटून पळतो. तो कोन तपासायची ही पट्टी. मी त्यांच्या घरात वाढले आणि हे मला माहीत नव्हतं. तिच्यावरूनच त्यांनी माझ्यासाठी चौऱ्याऐंशीची एक नवी पट्टी कापून दिली.

नवी फिन सोलापुरातच केली. बाहेर गड्ड्याची यात्रा रंगात होती, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्त्यानं जात होती, आणि आम्ही गच्चीवर खालच्या गल्लीतल्या सुतारमामांनी दिलेल्या चांगल्या जाड प्लायवर कानस चालवत होतो. पुढची दोन फिन आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात, मधलं दोन्हीकडून फुगीर. प्लायची एक खुबी अशी की घासत गेलं की तिचे थर एकामागून एक उघडे पडतात, फिकट-गडद-फिकट, नकाशातल्या उंचीच्या रेघांसारखे. डाव्या आणि उजव्या फिनावरचे हे पट्टे आरशात दिसावेत तसे जुळले की आकार जुळला. अण्णा शेवटी पॉलिश पेपर सोडून नुसत्या अंगठ्यानं तपासत होते. डोळे मिटून. धोट्यावर खरखर राहिली तर धागा तुटतो, ती सवय.

"इथं," म्हणाले आणि माझा अंगठा धरून एका जागी ठेवला. मला काही लागलं नाही. त्यांनी तिथे चार-पाच हात मारले आणि पुन्हा अंगठा ठेवायला लावला. मग कळलं, आधी काय होतं ते.

ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू आणली तर विमानतळावर ती दाखवावी लागते. मी फॉर्मवर लिहिलं, फिन टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यानं ती उलटसुलट केली, एक कडेनं डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, कुणी केली? वडिलांनी, मी म्हटलं.

जुनी फिन करवतीनं कापून काढताना जीव कासावीस झाला, कारण ती माझ्या हातची पहिली होती. बोर्ड पोट वर करून ठेवला की डावं-उजवं उलटतं, चादर उलटी केल्यावर रंग उलटतात तसं, म्हणून ठिपके मारायच्या आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टीवर नावं लिहिली. मध्य स्ट्रिंगरवरून धरला. फिन थोड्या रेझिनवर उभी केली, अण्णांची पट्टी लावली, टोकापासून बोर्डापर्यंत चिकटपट्ट्या ताणून ती धरून ठेवली. घट्ट झाल्यावर बुडाशी काचतंतूंच्या दोऱ्या, वर कापडाचे थर. त्या दोऱ्या रेझिनमध्ये भिजवून बोटांनी बसवताना अण्णांची फार आठवण आली. शेवटी सुतळी. गाठ दोन्ही ठिपक्यांवर बसली.

पाच दिवसांनी करंबिनला गेले. लाट कमरेएवढी, वारा नाही. उभी राहिले आणि सवयीनं मागचा पाय दाबला, तर बोर्ड डावीकडे, खाली किनाऱ्याकडे निघाला, कारण आता दाबायची गरजच नव्हती. पाय सैल सोडला. बोर्ड भिंतीला समांतर चालत राहिला, काही न मागता, लाट संपेपर्यंत.

बाहेर आले, अंग न पुसता फोन लावला. इथे साडेनऊ म्हणजे सोलापुरात पहाटेचे पाच, अण्णांचा चहाही झालेला असतो.

"ओढतंय का कुठं?"

"नाही अण्णा. अजिबात नाही."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. कागद उलगडल्याचा आवाज आला. तो कागद त्यांनी ठेवून घेतलाय, हे मला तेव्हा कळलं.

"मग पुढच्या बोर्डाला," ते म्हणाले, "मागचं फिन साडेतीनच्या जागी चारवर घेऊन बघायचं का?"