बुगडी कोणाची

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

ह्यांनी काढलेला बारा सेकंदांचा व्हिडिओ आहे. किती वेळा पाहिला ते लिहायची लाज वाटते.

काल टॉकीज उघडली होती, एका संध्याकाळपुरती. आत शिरल्या शिरल्या सोयाबीनचा वास. पोती हलवली, वास कुठे हलवणार? थर्डची बाकडी केव्हाच गेली. फर्स्टच्या लाकडी खुर्च्यांच्या तीन रांगा तेवढ्या उरल्यात, त्याही जमिनीत रोवलेल्या म्हणून. दादा वर केबिनमध्ये जाऊन कार्बनचा तुकडा सापडतो का ते पाहून आला. पन्नाशी उलटली त्याची. प्रोजेक्टरमध्ये जळून उरलेल्या त्या तांबूस कांड्यांवरून आम्ही डोकी फोडायचे बाकी ठेवले होते. नाही सापडला. ‘जागेचं काय ठरलं?’ असं मी विचारणार होते. राहू दे.

मग बाई आल्या, जुन्या मराठी सिनेमांतल्या नटी. शाल, श्रीफळ, भाषणं, मध्येच लाईट गेली, आली. वरच्या पत्र्याखाली वटवाघळं हलली तशी पोरं ओरडली, तर बाई म्हणाल्या, ‘आमच्या सिनेमांना हेच प्रेक्षक होते का?’ सगळे हसले. मग ओळीने भेटायला सोडलं. माझा नंबर येईपर्यंत मी मनात वाक्य घोकत होते, वर्गावर पहिल्या दिवशी जाताना घोकलं होतं तसं. आणि त्यांचा हात हातात आल्यावर तोंडातून निघालं ते हे – ‘ताई, तुमची ती बुगडी आमची आई अजून भाकरी थापताना म्हणते.’

बाई हसल्या. ‘आईंना माझा नमस्कार सांगा.’ पुढचा.

घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात नमस्कार पोचवला. आईने वातीचा कापूस खाली ठेवला. ‘अवं, बुगडी त जयश्रीबाईची व्हय. ह्या बाईची कायची?’

जयश्री गडकरांची. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. त्यात आई झालेल्या हंसा वाडकर आणि बुगडीवर नाचलेल्या जयश्रीबाई, हे आईने मला शंभरदा सांगितलंय. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला, हेही तिचंच. आणि १३१ ही मूळ संख्या आहे, हे मी तिला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. कालच्या बाई आत्ता पंचाहत्तरीच्या आसपास. १९५९ साली त्या तिसरी-चौथीत असतील, फ्रॉक घालून. वजाबाकी! तीस वर्षं पोरांची वजाबाकी तपासते मी. हातच्याची एक चूक नजरेतून सुटत नाही, आणि जन्मात एकदा पडद्यावरची बाई समोर उभी राहिली तर मी तिला दुसरीच्याच गाण्याचा आहेर करून आले.

रडू आलं खरं. ह्यांना वाटलं आईचं काही. तेही होतंच म्हणा. ती का आली नाही, ते मला ठाऊक आहे आणि दादालाही.

पण मला टोचतंय ते चुकीपेक्षा दुसरंच. बाईंनी मला अडवलं का नाही? सातव्या सेकंदाला त्यांची नजर जराशी हलते. पापणीसुद्धा नाही, त्याहून कमी. मग हात दाबतात आणि नमस्कार. कीव आली असेल? कंटाळा? की रोजचंच आहे हे, गावोगाव कोणी ना कोणी दुसरीचं गाणं त्यांच्या पदरात टाकतं, आणि त्या पदर पुढे करतात? शेजारचं पत्र आपल्या दारात पडलं तर आपण काय पोस्टमनला हाका मारत बसतो? ठेवून घेतो, देऊ म्हणतो. पण ह्या कोणाला नेऊन देणार? हंसाबाई १९७१ ला गेल्या, जयश्रीबाई २००८ ला.

म्हणजे नमस्कार नक्की कोणाचा आला आमच्याकडे?

सकाळी ह्यांनी व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकून दिला. मला घाम फुटला. दुपारपर्यंत बेचाळीस अंगठे, फुलं, ‘मॅडम लकी’. हेडमास्तरांनी तर ‘अविस्मरणीय क्षण’ लिहिलं. चूक एकालाही कळली नाही. मराठीच्या सरांनाही नाही, आणि ते लावणीवर व्याख्यानं देतात. ह्याचं बरं वाटावं की वाईट? संध्याकाळी भाकरी थापताना मलाच हसू फुटलं, आणि पहिली भाकरी तव्यावरच करपली.

अमरावतीहून पेटी एसटीच्या टपावर यायची तेव्हा पुण्या-मुंबईत झिजलेली प्रिंट असायची. रीळ तुटायचं, ऑपरेटर चिकटवायचा, मधलं अर्धं गाणं गायब. आई सांगते, माहेरहून बंडी जुंपून यायच्या त्या, आठ-दहा बायका, आणि परतताना बंडीत ते तुटलेलं अर्धं गाणं आपापल्या मनाने पुरं करायच्या. प्रत्येकीचं वेगळं. भांडायच्यासुद्धा.

हे आत्ता आठवलं आणि जरा मोकळं वाटलं. का ते माहीत नाही.

मघाशी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, उद्या आयोजकांकडून नंबर घेऊन बाईंना फोन करू का, माफी मागते. आई म्हणाली, ‘कायले? तिनं नमस्कार सांगतला ना? मंग झालं.’ मग जरा थांबून, ‘लाव बरं थो व्हिडिओ.’

लावला. तिने बाईंकडे पाहिलंच नाही. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्यांच्या मागची भिंत पाहत होती, जिथे बायकांच्या बाजूचा पडदा असायचा, त्याचा गज अजून आहे तिथे.

‘पुन्हा लाव,’ म्हणाली.

बॅटरी चार टक्के होती. चार्जर लावून फोन तिच्या उशाशी ठेवून आले. अजून आवाज येतोय आतून.