कॉस्प्लेचे रात्रीचे छायाचित्रण : माझा अनुभव

कॉस्प्ले म्हणजे एखाद्या कथेतल्या पात्राचा पोशाख करून ते साकारणे. मी साकारलेले पात्र कथेत दिवसा कधीच दिसत नाही. हाती कंदील आणि भाला घेऊन रात्रभर पहारा करणाऱ्या त्या स्त्रीचा पोशाख तयार करायला मला पाच महिने लागले होते. ईव्हीए फोमचे (हलक्या, रबरासारख्या फोमचे) चिलखत, गडद निळा झगा आणि आत एलईडी बसवलेला कंदील हे सगळे घालून उन्हात उभे राहणे मला मनापासून पटत नव्हते. माझ्या छायाचित्रकार मैत्रिणीने रात्रीच्या छायाचित्रणाला होकार दिला, पण एक अट घातली: आठवडाभर आधी, त्याच वेळी, झग्याच्या कापडाचा तुकडा घेऊन ठरलेली जागा पाहून यायची.

त्या अटीचे मोल तिथे पोहोचताच कळले. दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सोडियमचे दिवे होते आणि त्यांच्या उजेडात धरलेला निळा तुकडा चक्क काळा दिसत होता. या दिव्यांचा बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असतो, निळा प्रकाश त्यात नावापुरताच. आणि जो प्रकाश कापडावर पडतच नाही, तो कॅमेऱ्यापर्यंत येणार कुठून? असा हरवलेला रंग नंतर संगणकावरही नीट परत आणता येत नाही. म्हणून आम्ही दिव्यांपासून दूर, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला असलेली कमान निवडली आणि लागेल तो उजेड स्वतःच न्यायचे ठरवले. जागेची परवानगी त्याच आठवड्यात घेतली. भाला फोमचा आहे हे तिथल्या रखवालदाराच्या हातात देऊन दाखवले, कारण अंधारात शस्त्रासारखे काही घेऊन फिरणारी व्यक्ती पाहून कोणीही घाबरेल.

रंगभूषेची चाचणी घरीच फ्लॅश लावून केली. आरशात एकसारखी दिसणारी पावडर छायाचित्रात डोळ्यांखाली पांढरे डाग होऊन उमटली. सिलिकाची बारीक पावडर फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परतवते, हे मला तोवर माहीत नव्हते. मी ती पावडर बदलली.

प्रत्यक्ष दिवशी सूर्य मावळण्याआधीच मी पूर्ण पोशाखात तयार होते, आणि हा आग्रह प्रत्येकाने धरावा असे मला वाटते. रात्रीची म्हणून जी सुंदर छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतली बरीचशी सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासातली असतात; आकाशात तेव्हा गडद निळाई शिल्लक असते आणि कमानीची कड तिच्यावर स्पष्ट उठून दिसते. त्यानंतर आकाश सपाट काळे होते. कवचाचे पट्टे बांधण्यात ती वेळ गेली, तर ती त्या दिवशी पुन्हा मिळत नाही.

तरीही आमची पहिली दहा मिनिटे वाया गेली. माझा चेहरा नीट येत होता, पण हातातला कंदील विझल्यासारखा दिसत होता. मैत्रिणीने शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी कॅमेऱ्याची झडप, १/२०० सेकंदावर ठेवले होते. फ्लॅशचा झोत त्याहून कितीतरी कमी वेळात चमकून जातो, त्यामुळे शटर जलद असो वा संथ, त्याचा उजेड तितकाच नोंदला जातो. कंदिलाचा मंद, सततचा उजेड मात्र शटर उघडे असेल तेवढाच साठतो. तिने शटर १/१५ वर आणले, म्हणजे कंदिलाला सुमारे तेरापट वेळ मिळाला, आणि फ्लॅशची ताकद उतरवली. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून त्याचा रंग कंदिलाशी जुळवला. त्यानुसार कॅमेऱ्याचे रंगसंतुलन बदलताच मागचे आकाश आणखी निळे झाले. पडद्यावर ते छायाचित्र पाहताना माझा आवाज दाटून आला. कंदील पहिल्यांदाच खरोखर जळत होता.

१/१५ सेकंद हा काळ मात्र स्थिर उभ्या राहणाऱ्यासाठी फार मोठा असतो. हात जरासा हलला, की कंदिलाची प्रकाशरेघ उमटते. मी कोपर कमरेच्या कवचात रुतवले, भाल्याचा दांडा दोन दगडांच्या फटीत टेकवला आणि मैत्रीण ‘आता’ म्हणाली की अर्धा श्वास सोडून थांबू लागले. कॅमेऱ्याला अंधारात फोकस सापडत नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी आमच्यासोबत आलेला मित्र माझ्या डोळ्यांवर विजेरी धरायचा आणि फोकस पक्का झाला की ती विझवायचा.

त्यात मी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या होत्या. अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते आणि लेन्सच्या मधल्या पारदर्शक भागाहून मोठी होते, त्यामुळे तिच्या रंगीत कडेचे धुके सतत नजरेसमोर राहते. पायऱ्यांची कड मला दिसत नव्हती. जागा बदलताना मित्राने दंड धरल्याशिवाय मी एकही पाऊल टाकले नाही, आणि पायऱ्यांवरचे छायाचित्र होताच लेन्स काढून ठेवल्या.

शेवटचा प्रश्न झग्याचा होता. आकाश काळे झाल्यावर तो पार्श्वभूमीत मिसळून गेला आणि माझे नुसते डोके व हात तरंगताना दिसू लागले. दुसरा फ्लॅश कमानीमागे, माझ्या डाव्या खांद्याच्या रेषेत ठेवला, तेव्हा झग्याची कड एका बारीक रेषेने अंधारातून सुटी झाली आणि उजव्या खांद्यावर कोरड्या ब्रशने केलेले चंदेरी ओरखडे एकेक करून उजळले. दिवसा ते रंगाचे फटकारेच वाटतात. तिरप्या उजेडात ते धातूवर बसलेले घाव वाटले.

दव पडून भिंग सारखे पुसावे लागू लागले, तेव्हा आम्ही आवरले. ३४० छायाचित्रांतून ९ निवडली. त्यांतल्या मला सर्वांत प्रिय असलेल्या छायाचित्रात डावा खांदा पूर्ण काळोखात आहे. त्यावरची वेलबुट्टी कोरायला मला आठ रात्री लागल्या होत्या. मैत्रिणीने तो भाग थोडा उजळून देऊ का असे विचारले, आणि बराच वेळ पाहून मी नको म्हणाले.