काठीला बांधलेला पंख

आज खानापूरकडं मित्राच्या शेतात गेलो तर खुराड्यावर काठीला अख्खा पंख बांधलेला, तपकिरी, दोरी सुतळीची, वाऱ्यानं अजून उघडमीट होत होता.

"ससाण्याचा हाय," काका सांगितले. मी म्हटलं केस होईल ओ, तर हसत म्हणाले, "दंड भरून सुटतंय की माणूस, कशाला टेन्शन घ्यालास?"

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ ला कडक केला. गिधाड, शाहीन ससाणा असल्या पहिल्या शेड्यूलवाल्यांना, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या यादीतल्यांना, मारलं तर कमीत कमी ३ वर्षं आत, वर २५ हजारांपासून दंड. कागदावर. काकांच्या डोक्यात मात्र पावती फाडली की विषय संपला, आणि त्यांना तसं वाटायला कुणी लावलं?

निघताना तेच काका म्हणाले, औंदा भातात उंदीर लय झाल्यात.