नायगाराच्या वाटेवरची गावं: ऑबर्न, सेनेका फॉल्स, पाल्मायरा, रॉचेस्टर

आई-बाबा अमेरिकेत आले की न्यू जर्सीतली मराठी माणसं त्यांना नायगाराला नेतात. आम्हीही नेलं, दोनदा. दोन्ही वेळा सिरॅक्युजनंतरच्या पाट्या भराभर मागे टाकत गेलो, कारण रात्रीच्या आत हॉटेल गाठायचं होतं. या वेळी आई एकटीच आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "धबधबा दोनदा पाहिला गं. आता मला हॅरिएटचं घर दाखव." नगरच्या शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, आणि गुलामगिरीतून स्वतः पळून येऊन इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनची गोष्ट ती दरवर्षी नव्या वर्गाला सांगायची. मग ४ जुलैच्या जोडसुट्टीत आई, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक अशा तिघी गाडी घेऊन निघालो. तीन रात्री, चार दिवस. तुम्ही नायगाराला निघाला असाल तर याच वाटेवर दोन दिवस वाढवा, एवढं मला मनापासून सांगायचं आहे.

निघण्याआधी थोडी पार्श्वभूमी घ्या, नाहीतर ही गावं नुसती शांत, जुनी गावं वाटतील. १८२५ मध्ये आल्बनीपासून बफलोपर्यंतचा ३६३ मैलांचा ईरी कालवा पूर्ण झाला. त्याच्या काठाने गिरण्या आल्या, वखारी आल्या, छापखाने आले, आणि घरदार सोडून आलेली तरुण माणसं आली. त्यांच्यामागोमाग प्रवचनकार आले. चार्ल्स फिनी १८३० च्या सप्टेंबरात रॉचेस्टरला आला आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यानं गाव ढवळून काढलं. त्याचं म्हणणं असं होतं की तारण होणं माणसाच्या हातात आहे, आणि ज्याला पाप सोडता येतं त्यानं समाजातलं पापही सोडवलं पाहिजे. दारू हे पाप, तसं गुलामगिरी हेही पाप. भक्तीच्या इतक्या लाटा या भागावरून गेल्या की याला 'जळून गेलेला प्रदेश' असंच नाव पडलं, म्हणजे पेटायला आता काही उरलंच नाही असा.

एडिसनहून ऑबर्न साधारण साडेचार-पाच तास. पहाटे निघालो, स्क्रॅन्टननंतर नाश्ता केला, साडेअकराला पोहोचलो. ऑबर्नमध्ये साउथ स्ट्रीट हा एकच रस्ता लक्षात ठेवा. गावाजवळच्या टोकाला विल्यम सीवर्डचं घर, आणि पुढे गावाबाहेरच्या बाजूला टबमनची जागा. सीवर्ड तेव्हा सिनेटर होता. १८५९ मध्ये त्यानं हॅरिएटला सात एकर जमीन आणि घर १,२०० डॉलरला दिलं, तेही सवडीनं फेडायच्या बोलीवर. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा १८५० चा कायदा तेव्हा लागू होता आणि कायद्याच्या नजरेत हॅरिएट अजून कुणाची तरी मालमत्ताच होती. त्या काळात तिला घर विकणं ही साधी गोष्ट नव्हती. तिनं आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना कॅनडातून इथं आणलं.

टबमनच्या जागेवर घरं मार्गदर्शकासोबतच बघता येतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून जा. आमची मार्गदर्शक बाई गोष्ट सांगता सांगता थांबायची, आणि पुढच्या वाक्याआधी समोरच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. आईला इंग्रजी तितकंसं कळत नाही, पण ते थांबणं कळलं. ती जागा आजही कृष्णवर्णीयांच्या एएमई झायन चर्चच्या माणसांनी जपली आहे. हॅरिएट त्याच चर्चची, आणि तिच्यासाठी देव हा रोज बोलायचा सोबती होता, हे तिथं उभं राहिल्यावर नीट समजतं. तिची कबर फोर्ट हिल स्मशानभूमीत मोठ्या झाडाखाली आहे. लोक दगडावर नाणी ठेवून जातात. आईनं पर्समधून रुपयाचं नाणं काढून ठेवलं.

ऑबर्नहून सेनेका फॉल्स पंधरा मैल. इथं मुक्काम करा, घाई करू नका. महिला हक्क राष्ट्रीय उद्यानाला तिकीट नाही. मधोमध वेस्लियन चॅपल आहे: विटांची साधी इमारत, आत लाकडी बाकं. गुलामगिरीच्या प्रश्नावर मेथॉडिस्ट चर्चमधून फुटून निघालेल्या लोकांनी ते १८४३ मध्ये बांधलं. म्हणून तर १८४८ च्या १९ आणि २० जुलैला बायकांच्या हक्कांसाठीच्या सभेला तिथं जागा मिळाली. पुढे याच इमारतीत नाट्यगृह झालं, गाड्यांचं दुकान झालं, कपडे धुण्याचं दुकानही झालं. आता जुन्या विटांचे जेवढे तुकडे उरले तेवढे नव्या भिंतीत सांभाळले आहेत. जुनी वीट कोणती आणि नवी कोणती हे डोळ्यांना दिसतं. लेकीनं हात लावून दोन्हींतला फरक बघितला.

रेंजरनं सांगितलेली एक गोष्ट तिला फार आवडली. सभेच्या दिवशी सकाळी चॅपलला कुलूप होतं. सभा भरवणाऱ्यांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटनच्या छोट्या भाच्याला खिडकीतून आत ढकललं, त्यानं आतून दार उघडलं, आणि मग सभा भरली. सुमारे ३०० माणसं आली. सभेच्या जाहीरनाम्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचीच वाक्यं घेतली, फक्त 'सर्व पुरुष समान' याच्या जागी 'सर्व पुरुष आणि स्त्रिया समान' असं लिहिलं. १०० जणांनी सह्या केल्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. मतदानाच्या हक्काचा ठराव मात्र सगळ्यांना पचेना. तेव्हा उठून बोलला तो फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, आणि ठराव मंजूर झाला. बाहेर लांबलचक दगडी भिंत आहे, तिच्यावर जाहीरनामा आणि सह्या करणाऱ्यांची नावं कोरली आहेत. सह्यांमध्ये 'एमी पोस्ट' हे नाव शोधा. तिच्याकडे पुन्हा येते.

स्टँटनचं घर आणि शेजारच्या वॉटरलू गावातलं मॅक्लिंटॉक कुटुंबाचं घर रेंजरसोबतच उघडतात, तेही ठरावीक दिवसांत. सकाळीच फोन करा. मॅक्लिंटॉक हे क्वेकर, म्हणजे सगळी माणसं देवापुढे सारखी मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्या दिवाणखान्यातल्या गोल टेबलाशी बसून हा जाहीरनामा लिहिला गेला (टेबल आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे).

रात्री कालव्याकाठी बसलो होतो तेव्हा आई म्हणाली, "अठराशे अठ्ठेचाळीस म्हणजे जोतिबांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेच साल." ते मला माहीत होतं, पण पुढचं नव्हतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा चालवणाऱ्या मिस सिंथिया फरार, ज्यांच्या शाळा पाहून जोतिबांना उमेद आली, त्या याच अमेरिकन धर्मजागृतीच्या लाटेतून आलेल्या होत्या. ज्या अमेरिकन मिशनरी बोर्डानं त्यांना पाठवलं ते १८१० मध्ये त्याच उत्साहातून उभं राहिलं होतं. १८२७ मध्ये एक अविवाहित बाई बोटीनं मुंबईला उतरते आणि पुढे नगरला मुलींना अक्षरं शिकवते. आईची शाळा त्या आवारापासून फार लांब नव्हती. आणि १८७३ मध्ये जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. ती भली माणसं कोण, हे बघायचं असेल तर ही गावं बघा.

४ जुलैला बऱ्याच छोट्या संग्रहालयांना सुट्टी असते. आम्ही एका दारावर जाऊन परत आलो, संकेतस्थळावर वेळ जुनीच होती. म्हणून हा दिवस उघड्यावरच्या जागांसाठी ठेवा. पाल्मायराच्या चौकात चार कोपऱ्यांना चार चर्चं आहेत, एकमेकांकडे तोंड करून. इतक्या पंथांमधून खरा कोणता, या प्रश्नानं गोंधळलेला एक शेतकऱ्याचा मुलगा रानात प्रार्थनेला गेला, तो जोसेफ स्मिथ, पुढे मॉर्मन पंथ काढणारा. ते रान आता त्याचे अनुयायी अतिशय स्वच्छ आणि शांत ठेवतात. कुणी काही गळ्यात मारत नाही, विचारलं तर प्रेमानं सांगतात. गावातल्या ग्रँडिनच्या छापखान्यात १८३० मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या ५,००० प्रती छापल्या गेल्या. खेड्यात एवढा छापखाना कसा, याचं उत्तर पुन्हा कालवा. जुन्या दगडी जलसेतूचे अवशेष जवळच आहेत, तिथं डबा खायला छान सावली आहे. कीटकांचा मलम मात्र न्याच.

तिथून नेवार्क गावाजवळचं हाइड्सविल अर्ध्या तासाच्या आत. १८४८ च्या मार्चअखेरीस फॉक्स घराण्यातल्या दोन मुलींनी भिंतीतून येणारी टकटक ही मृतात्म्यांची बोली आहे असं सांगितलं, आणि देशभर प्लॅंचेटासारखं वेड पसरलं. घराचा पाया तेवढा उरला आहे. दहा मिनिटं पुरतात. पण ती गोष्ट डोक्यात ठेवूनच रॉचेस्टरला जा.

५ जुलै रॉचेस्टरसाठी मुद्दाम राखला होता. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ च्या ४ जुलैला संपली, आणि कृष्णवर्णीयांनी अनेक ठिकाणी आनंदाच्या मिरवणुका काढल्या त्या ५ तारखेला. डग्लसनंही १८५२ मध्ये आपलं गाजलेलं भाषण ५ जुलैलाच केलं. गुलामगिरीविरोधी कामासाठी शिवणकाम करून पैसे उभे करणाऱ्या रॉचेस्टरच्या बायकांच्या मंडळानं त्याला बोलावलं होतं. जागा कोरिन्थियन हॉल.

हे सभागृह आज नाही. कोरिन्थियन स्ट्रीट नावाचा एवढासा रस्ता आहे आणि भोवती वाहनतळाच्या भिंती. तरी जा, मेन स्ट्रीटवरून चालत दोन मिनिटं. याच सभागृहात १८४९ च्या नोव्हेंबरात फॉक्स बहिणींनी २५ सेंट तिकीट लावून टकटक ऐकवली. इथंच १८५१ मध्ये सगळ्या अमेरिकेला वेड लावणारी स्वीडिश गायिका जेनी लिंड गायली. आणि इथंच वर्षभरानं डग्लसनं पाच-सहाशे लोकांना तोंडावर विचारलं की तुमचा हा ४ जुलै गुलामाचा कोण लागतो? चर्चलाही त्यानं सोडलं नाही. जे धर्मगुरू गुलामगिरीला बायबलचा आधार देतात त्यांच्यापेक्षा नास्तिक परवडला, असं तो तिथं म्हणाला. आम्ही वाहनतळाच्या सावलीत उभ्या राहिलो आणि लेकीनं फोनवरून त्या भाषणाचा एक भाग मोठ्यानं वाचला. दोन माणसं थांबली. एकानं टोपी काढली.

त्या काळातली करमणूक समजून घेतल्याशिवाय डग्लसचं धैर्य नीट कळत नाही. तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची टर उडवणारे गोऱ्या नटांचे तमाशे तेव्हा सगळ्यात लोकप्रिय होते. त्यातली एक नावाजलेली मंडळी, ख्रिस्टीची, इथून सत्तर-ऐंशी मैलांवर बफलोत सुरू झाली. डग्लसनं आपल्या 'नॉर्थ स्टार' पत्रात त्यांच्यावर जळजळीत लिहिलं, की यांनी आमचा रंग चोरून त्यावर पैसा केला. आणि तोच डग्लस १८५५ मध्ये रॉचेस्टरच्या व्याख्यानात म्हणाला की या तमाशांतल्या गाण्यांपैकी काही ऐकून माणसाच्या मनात गुलामाबद्दल कणव जागी होते, आणि त्या कणवेत आपल्या चळवळीचं मूळ धरतं. हे मला पटायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण लोकांना आवडणारी गोष्ट सरसकट टाकून न देण्याची त्याची समज मोठी वाटते. 'नॉर्थ स्टार'च्या मथळ्याखाली छापलेलं असे: हक्काला लिंग नाही, सत्याला रंग नाही, देव सर्वांचा पिता आणि आपण सारे भाऊ. आई म्हणाली, "हा तर जोतिबांचा निर्मिकच की, सगळ्यांना घडवणारा."

बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या सुसान अँथनीचं मॅडिसन स्ट्रीटवरचं घर बघाच. शेजारच्या बागेत ती आणि डग्लस चहा घेत बसलेत असे पुतळे आहेत, आणि मुलांना मधे बसून फोटो काढता येतो.

शेवटचा दिवस माउंट होप स्मशानभूमीसाठी. जागा चढउताराची आणि अवाढव्य आहे, नकाशा हातात हवाच, आणि गुडघे दुखत असतील तर गाडी आतपर्यंत न्या. डग्लस आणि अँथनी इथंच आहेत, त्यांच्यापाशी गर्दी असते. तिथून पुढे एमी पोस्टची कबर शोधा. ही जन्मानं क्वेकर. तिच्या घरी पळून आलेले गुलाम लपायचे, चळवळीसाठी ती विणकाम-शिवणकामाचे बाजार भरवायची, सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर तिनं सही केली, आणि फॉक्स बहिणींना रॉचेस्टरमध्ये घरात आधार दिला तोही तिनं आणि तिच्या नवऱ्यानं. आत्म्यांच्या टकटकीवर तिचा मनापासून विश्वास होता. मार्गारेट फॉक्सनं १८८८ मध्ये कबूल केलं की तो पायाच्या सांध्यांचा आवाज होता. तरी एमी मला भोळी वाटत नाही. माणसामाणसातल्या भिंती खोट्या आहेत असं मानणाऱ्या बाईला मृत्यूची भिंतही खोटी वाटली, एवढंच.

आम्हाला कबर सापडायला चाळीस मिनिटं लागली, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आई दगडापाशी खाली बसली आणि पदरानं त्याच्यावरची पानं बाजूला केली.